सुट्ट्यांच्या काळात नियोक्त्याकडून उत्तर येत नाही: पाठपुरावा कुठे अडतो आणि तो कसा मार्गी लावावा

मुलाखत चांगली झाली, निघताना "आठवड्याभरात कळवतो" असे आश्वासन मिळाले, आणि त्यानंतर डिसेंबर संपून जानेवारी उजाडला तरी एका ओळीचेही उत्तर आले नाही, ही तक्रार दरवर्षी याच दिवसांत माझ्या कानावर येते. तक्रार करणारी माणसे वेगळी असतात, पदे वेगळी असतात, परंतु अडचणीचे स्वरूप जवळजवळ ठरलेले असते. काही उमेदवार धीर सुटून २६ डिसेंबरला एक, ३० डिसेंबरला दुसरा आणि २ जानेवारीला तिसरा मेल पाठवतात व त्यानेही भागले नाही म्हणून फोन करतात. तर काही जण "सुट्टीत कुणाला कशाला त्रास द्यायचा" असे म्हणून गप्प राहतात आणि हे गप्प राहणे थेट फेब्रुवारीपर्यंत लांबते. पहिल्या प्रकारात उमेदवार उतावीळ ठरतो, दुसऱ्या प्रकारात तो विस्मरणात जातो, आणि दोन्हींचा शेवट सारखाच होतो.

मी काही वर्षे भरती विभागात काम केले आहे, आणि त्याआधी नोकरी शोधत असताना दोन डिसेंबर याच प्रतीक्षेत काढले आहेत. उत्तराची वाट पाहणारी आणि उत्तर द्यायचे राहून गेलेली, अशा दोन्ही जागी बसून मी हा काळ पाहिला आहे. त्यावरून माझे मत असे झाले आहे की सुट्ट्यांतील मौन सगळीकडे एकसारखे नसते, त्याची कारणे वेगवेगळी असतात, आणि आपल्या वाट्याला आलेले मौन कोणत्या कारणाचे आहे हे ओळखल्याशिवाय केलेला पाठपुरावा बहुधा वाया जातो.

आधी दिवस नीट मोजा

सर्वांत जास्त घोटाळा दिवसांच्या मोजणीत होतो. उदाहरणादाखल २०२५ च्या अखेरचे कॅलेंडर समोर ठेवू. समजा, गुरुवार, १८ डिसेंबर रोजी मुलाखत झाली, "आठवड्याभरात कळवतो" असे सांगण्यात आले, आणि ते कार्यालय २४ डिसेंबरपासून ४ जानेवारीपर्यंत बंद होते. सोमवार, ५ जानेवारी २०२६ च्या सकाळी उमेदवाराच्या हिशेबाने १८ दिवस उलटून गेलेले असतात आणि आपल्याला नाकारले गेले आहे अशी त्याची खात्री होत आलेली असते. मात्र त्या कार्यालयाच्या हिशेबाने मुलाखतीनंतर १९, २२ आणि २३ डिसेंबर असे तीनच कामाचे दिवस गेलेले असतात, ५ जानेवारी हा चौथा दिवस असतो आणि ज्याला त्यांनी "आठवडा" म्हटले तो मंगळवारी, ६ तारखेला संध्याकाळी पूर्ण होतो. म्हणजे उमेदवाराला ज्या दिवशी विलंब असह्य वाटतो, त्या दिवशी नियोक्त्याच्या दृष्टीने विलंब सुरूही झालेला नसतो. म्हणून या काळात "किती दिवस झाले" या प्रश्नाचे उत्तर कामाचे दिवस मोजूनच द्यावे, आणि तेही आपल्या नव्हे, तर त्या कार्यालयाच्या कामाचे.

नियोक्ता परदेशात असेल तर ही मोजणी आणखी जपून करावी लागते, कारण वर्षाअखेरची सुट्टी सगळीकडे एकाच दिवशी सुरू होत नाही आणि एकाच दिवशी संपतही नाही. ब्रिटनमध्ये २५ प्रमाणेच २६ डिसेंबरलाही सार्वजनिक सुट्टी असते, आणि स्कॉटलंडमध्ये २ जानेवारीही त्यात धरावी लागते. जपानमधील सरकारी कार्यालये २९ डिसेंबर ते ३ जानेवारी बंद असतात आणि बऱ्याच खासगी कंपन्या तोच पायंडा पाळतात. रशियात जानेवारीचे पहिले आठ दिवस सुट्टीचे असतात. स्पेन आणि इटलीत ६ जानेवारीला सुट्टी असते, त्यामुळे तिथला पहिला आठवडाही तुटक जातो. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये हाच काळ ऐन उन्हाळ्याचा असल्याने लोक मोठी वार्षिक रजा या दिवसांतच घेतात. चीन, व्हिएतनाम, सिंगापूर अशा ठिकाणी चांद्र नववर्षाची सुट्टी २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी या दरम्यान कधीतरी येते, म्हणजे ज्या सुमारास आपण "आता तरी सगळे कामावर आले असतील" असे म्हणतो त्याच सुमारास तिथले कार्यालय पुन्हा बंद होऊ शकते. अर्ज ज्या शहरातील कार्यालयाकडे केला आहे, तिथल्या सार्वजनिक सुट्ट्यांची यादी पाहायला पाच मिनिटे लागतात, आणि तेवढ्याने निम्मी काळजी अनाठायी होती हे लक्षात येते.

मौनाची कारणे

पहिले आणि सर्वांत साधे कारण म्हणजे ज्या व्यक्तीला आपण लिहिले ती रजेवर आहे. हे स्वयंचलित उत्तरावरून कळते असा समज असतो, आणि तो अर्धाच खरा आहे. स्वयंचलित उत्तर प्रत्येक मेलला जात नाही. इंटरनेटवरील मेलव्यवहारासाठी २००४ मध्ये जे मानक लिहिले गेले, त्यात अशी उत्तरे एकाच व्यक्तीला काही दिवसांत एकदाच जावीत असे सुचवले आहे आणि त्यासाठी सात दिवसांचे अंतर शिफारशीत आहे. जीमेलमध्ये तीच व्यक्ती चार दिवसांच्या आत पुन्हा लिहिते तेव्हा तिला दुसरे स्वयंचलित उत्तर जात नाही. आउटलुक वापरणाऱ्या बऱ्याच कार्यालयांत तर ती सोय चालू केल्यापासून बंद करेपर्यंत प्रत्येक प्रेषकाला एकच उत्तर जाते. याचा अर्थ असा की पहिल्या मेलला "मी रजेवर आहे" असे उत्तर आले आणि दुसऱ्याला आले नाही, म्हणून ती व्यक्ती कामावर परतली असे समजणे चूक आहे. ही चूक मी कितीतरी उमेदवारांना करताना पाहिले आहे. "आता परतल्या असूनही मुद्दाम उत्तर देत नाहीत" असा निष्कर्ष काढून ते तिसरा मेल जरा चढ्या सुरात लिहितात, आणि तो मेल मात्र ती व्यक्ती परतल्यावर नीट वाचते.

स्वयंचलित उत्तर आले असेल तर ते शेवटपर्यंत वाचावे. त्यात परतण्याची तारीख असते, बहुधा रजेच्या काळात काम पाहणाऱ्या सहकाऱ्याचा पत्ताही असतो. परंतु तो पत्ता तातडीच्या कामांसाठी दिलेला असतो, आणि आपल्या मुलाखतीचे काय झाले हे त्या सहकाऱ्याला ठाऊक नसते. हाती दुसऱ्या नोकरीचे ऑफर लेटर असून त्याची मुदत संपत असेल तरच त्या पत्त्यावर लिहावे. नाहीतर परतण्याची तारीख नोंदवून ठेवावी आणि तोवर थांबावे.

दुसरे कारण उमेदवाराला दिसत नाही, आणि माझ्या अनुभवात तेच सर्वांत जास्त आढळते. ज्यांनी मुलाखत घेतली ते कामावर असतात, त्यांचे मतही तुमच्या बाजूचे असते, पण ज्यांच्या सहीशिवाय पुढे जाता येत नाही ती व्यक्ती रजेवर असते. नोकरीचा प्रस्ताव एका माणसाच्या मर्जीवर निघत नाही. विभागप्रमुखाची शिफारस, वेतनाच्या आकड्याला मनुष्यबळ विभागाची संमती, खर्चाला वित्त विभागाची मंजुरी आणि मोठ्या पदासाठी त्यावरच्या अधिकाऱ्याची सही, अशा पायऱ्या असतात. यातील एक जरी व्यक्ती दहा दिवस नसली तरी सगळी साखळी दहा दिवस थांबते. वित्त विभागातील माणसे रजेवर नसली तरी आर्थिक वर्ष डिसेंबरला संपत असेल तिथे या दिवसांत वर्षाचे हिशेब बंद करण्यात गढलेली असतात. अशा वेळी रिक्रूटर उत्तर देत नाही याचे कारण एवढेच असते की त्याच्याजवळ सांगण्याजोगे काही नसते. मंजुरीपूर्वी "तुमची निवड झाली आहे" असे लिहिण्याची त्याला मुभा नसते, आणि "अजून काही ठरलेले नाही" हे खरे नसल्यामुळे तसे लिहिणेही त्याला प्रशस्त वाटत नाही. मी स्वतः त्या अवस्थेत अनेकदा गप्प राहिले आहे. "सही येईपर्यंत थोडे थांबा, पुढच्या बुधवारी कळवते" एवढे लिहिता आले असते, आणि ते मी लिहायला हवे होते असे मला आज वाटते.

तिसरे कारण त्या पदाचेच असते. ज्या कंपन्यांचे आर्थिक वर्ष ३१ डिसेंबरला संपते, तिथे त्या वर्षासाठी मंजूर झालेले पद भरले गेले नाही तर ते पुढच्या वर्षात आपोआप जातेच असे नाही. काही ठिकाणी त्याला नव्या अंदाजपत्रकात नव्याने मंजुरी घ्यावी लागते. त्यामुळे जाहिरात दिसत राहते, अर्जाची स्थिती "विचाराधीन" अशीच राहते, पण आत ते पद टांगणीला लागलेले असते. उलट, ज्यांचे आर्थिक वर्ष वेगळ्या महिन्यात संपते त्यांच्याकडे डिसेंबरच्या मौनाला हे कारण लावता येत नाही. जपानमधील शेअर बाजारात नोंदलेल्या बहुसंख्य कंपन्यांचे वर्ष मार्चअखेर संपते, ऑस्ट्रेलियात ते साधारणपणे ३० जूनला संपते आणि अमेरिकेच्या केंद्र सरकारचे ३० सप्टेंबरला. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या वार्षिक अहवालात ही तारीख पहिल्या काही पानांतच मिळते. पद टांगणीला लागल्याची शंका असेल तर तसे सरळ विचारण्यात काही गैर नाही: "हे पद नव्या वर्षासाठी मंजूर झाले आहे का, की त्याची मंजुरी अजून व्हायची आहे?" या प्रश्नाचे उत्तर रिक्रूटरला देता येते, कारण त्यात कुणाची निवड झाली हे सांगावे लागत नाही.

चौथे कारण कटू आहे, तरी ते मांडलेच पाहिजे. पहिली पसंती दुसऱ्या उमेदवाराला मिळालेली असते, त्याला प्रस्ताव गेलेला असतो, आणि तो उमेदवारही सुट्टीत विचार करत असतो. तो नाही म्हणाला तर पुढचे नाव तुमचे असते, म्हणून तुम्हाला नकारही कळवला जात नाही. बाहेरून हे मौन दुसऱ्या कारणासारखेच दिसते आणि दोन्हींमधला फरक उमेदवाराला ओळखता येत नाही. पण ओळखण्याची गरजही नसते, कारण दोन्हींवरचा उपाय एकच आहे: रस दाखवत राहणे, तारीख विचारणे आणि इतर अर्ज न थांबवणे. दुसऱ्या क्रमांकावरून निवड झालेल्या अनेकांची कागदपत्रे माझ्या हातून गेली आहेत, आणि रुजू झाल्यावर कोण पहिल्या क्रमांकाचा आणि कोण दुसऱ्या क्रमांकाचा होता हे कुणी विचारत नाही.

शेवटचे कारण आपल्या बाजूचे असते, म्हणून ते सर्वांत आधी तपासावे. त्यांनी कळवलेले असते आणि आपल्यापर्यंत पोहोचलेले नसते. भरतीच्या संगणक प्रणालीतून आपोआप निघणारे मेल स्पॅममध्ये किंवा जाहिरातींच्या कप्प्यात जाऊन पडतात. अनोळखी क्रमांकावरून आलेला फोन प्रवासात घेतला जात नाही. व्हॉइसमेल भरून गेलेला असतो. जीमेलमध्ये स्पॅममध्ये गेलेला मेल ३० दिवसांनी आपोआप पुसला जातो, म्हणून डिसेंबरच्या मध्याला आलेला मेल जानेवारीच्या अखेरीस शोधून सापडत नाही. आठवड्यातून दोनदा स्पॅम पाहणे, तसेच कंपनीच्या संकेतस्थळावर आपले खाते उघडून अर्जाची स्थिती पाहणे, एवढे या काळात न चुकता करावे.

सुट्टीनंतरची पहिली सकाळ

पाठपुराव्याची वेळ कशी निवडावी हे समजण्यासाठी पलीकडच्या माणसाची ती सकाळ डोळ्यांसमोर आणणे उपयोगाचे ठरेल. जानेवारीतल्या एका पहिल्या सोमवारी मी संगणक सुरू केला तेव्हा न वाचलेले मेल चारशेच्या वर होते. पडद्यावर एका वेळी साधारण पंचवीस ओळी दिसत होत्या, आणि प्रत्येक ओळीत प्रेषकाचे नाव व विषयाचे पहिले पाच-सहा शब्द. साडेदहाला विभागाची बैठक होती, तोवर जमेल तेवढे हलके करायचे होते. अशा वेळी कुणी एकेक मेल उघडून वाचत नाही. नजर वरून खाली फिरते आणि हात पुसण्याच्या किंवा बाजूला ठेवण्याच्या कळीवर असतो. त्यात एकाखाली एक तीन मेल होते, तिघांचाही विषय "पाठपुरावा". कोणत्या पदाचा, कोणत्या मुलाखतीचा, काहीच नव्हते. ते मी "नंतर पाहू" म्हणून बाजूला ठेवले, आणि ते नंतर म्हणजे गुरुवारी पाहिले गेले.

बुधवारी सकाळी नऊच्या सुमारास आणखी एक मेल आला. विषयात पदाचे नाव, पदाचा क्रमांक, उमेदवाराचे नाव आणि मुलाखतीची तारीख होती, आणि तो मुलाखतीपूर्वी आमच्यात झालेल्या पत्रव्यवहारालाच उत्तर म्हणून लिहिलेला होता, त्यामुळे खाली सगळा आधीचा मजकूर होता. मेल चार ओळींचा होता आणि शेवटी एकच प्रश्न होता. मला काहीही शोधावे लागले नाही. मी तो तसाच विभागप्रमुखांकडे पाठवला, वर "यांना काय कळवू?" एवढेच लिहिले, आणि दुपारपर्यंत त्यांचे उत्तर आले. त्या उमेदवाराची मुलाखत इतरांपेक्षा सरस झाली होती असे मी म्हणणार नाही. मात्र त्याचे काम पुढे सरकवणे मला सर्वांत सोपे गेले.

म्हणून सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी मेल पाठवू नये, असा माझा ठाम सल्ला आहे. दुसऱ्या किंवा तिसऱ्या कामाच्या दिवशी सकाळी, त्या कार्यालयाच्या घड्याळाप्रमाणे नऊ ते अकराच्या दरम्यान तो पोहोचावा. मेल आदल्या रात्री लिहून त्याची वेळ ठरवून ठेवता येते. जीमेलमध्ये ही सोय एप्रिल २०१९ पासून आहे. मात्र तिथे दिलेली वेळ आपण ज्या कालविभागात बसून ती ठरवतो त्याप्रमाणे धरली जाते, म्हणून परदेशातील कार्यालयासाठी फरकाचा हिशेब स्वतः करावा. विषय बदलू नये हेही महत्त्वाचे आहे, कारण जीमेलमध्ये विषय बदलला की मेल जुन्या संवादातून तुटून नवा म्हणून दिसतो आणि मागचा संदर्भ वाचणाऱ्यासमोर राहत नाही. मूळ विषय अगदीच मोघम असेल तर मात्र तो संदर्भ गमावूनही नवा, स्पष्ट विषय देणे मी पसंत करीन.

काय लिहावे, आणि कधी

सर्वांत परिणामकारक पाठपुरावा सुट्टी सुरू होण्यापूर्वीच होतो. मुलाखतीच्या शेवटी "आणखी काही विचारायचे आहे का?" असे विचारले जाते, तेव्हा एक वाक्य अवश्य बोलावे: "सुट्ट्यांमुळे पुढची प्रक्रिया लांबण्याची शक्यता असेल तर मी कोणत्या तारखेनंतर विचारणा करणे आपल्याला सोयीचे होईल?" या वाक्याने आपल्याला तारीख मिळते, आणि त्या तारखेला विचारण्याची परवानगीही मिळते. पुढे आपण लिहितो तेव्हा ते "आपण सांगितल्याप्रमाणे" असते, आणि त्या दोन शब्दांमुळे मेलमधला सगळा संकोच निघून जातो.

मुलाखतीत हे विचारायचे राहिले असेल तर कार्यालय बंद होण्याच्या तीन-चार दिवस आधी एक छोटा मेल पाठवावा. अगदी शेवटच्या दिवशी नको, कारण त्या दिवशी प्रत्येक जण टेबल आवरत असतो. मजकूर साधारण असा असावा:

"सप्रेम नमस्कार. १८ डिसेंबर रोजी लेखापाल पदासाठी माझी मुलाखत घेतल्याबद्दल आभारी आहे. महिन्याचा हिशेब बंद करण्याच्या पद्धतीविषयी आपण जे सांगितलेत, त्यावरून या कामातील माझा रस वाढला आहे. सुट्ट्यांचा काळ लक्षात घेता मी ७ जानेवारीनंतर पुढील विचारणा करू का, की आपल्याला दुसरी एखादी तारीख सोयीची वाटते? या संपूर्ण काळात मी याच दूरध्वनी क्रमांकावर उपलब्ध आहे. फक्त २७ व २८ डिसेंबरला प्रवासात असल्याने फोन लागला नाही तर मेलवर कळवावे, ही विनंती."

यात मुलाखतीतील एक खरा तपशील आहे, एकच प्रश्न आहे आणि तोही "हो" किंवा एक तारीख एवढ्या उत्तराने सुटणारा आहे. आपण कधी उपलब्ध नाही हे सांगणे पुष्कळांना कमीपणाचे वाटते, पण त्याचा फायदाच होतो. मी फोन केला आणि तो लागला नाही, असे झाले की यादीतल्या पुढच्या नावाकडे जाण्याची प्रवृत्ती स्वाभाविकपणे होते.

सुट्टीनंतरचा मेल याहून लहान असावा. "आपण सांगितल्याप्रमाणे लेखापाल पदाच्या माझ्या मुलाखतीसंदर्भात (१८ डिसेंबर) विचारणा करत आहे. या पदासाठीची माझी इच्छा कायम आहे. पुढील टप्पा साधारण कोणत्या आठवड्यात अपेक्षित आहे हे कळवू शकाल का?" इतके पुरते. निर्णय काय झाला असे विचारू नये, पुढचा टप्पा कधी असे विचारावे. कारण निर्णय सांगण्याचा अधिकार समोरच्याला नसू शकतो, पण आठवडा सांगण्याचा बहुधा असतो. "जानेवारीत पाहू" असे उत्तर आले तर त्यावर आभार मानून "जानेवारीच्या कोणत्या आठवड्यात मी विचारू?" एवढे लगेच विचारून घ्यावे, कारण नुसता जानेवारी हा फार मोठा महिना आहे.

नववर्षाच्या शुभेच्छांचा मेल पाठवून त्यातून आठवण करून द्यावी, असाही सल्ला दिला जातो. मला तो पटत नाही. १ जानेवारीच्या आसपास आलेले शुभेच्छांचे मेल न उघडताच पुसले जातात, आणि त्यात आपला प्रश्न दडलेला असेल तर तोही जातो. खऱ्या मेलच्या सुरुवातीला शुभेच्छांचे एक वाक्य असावे, तेवढे पुरे.

मेल, फोन, लिंक्डइन आणि व्हॉट्सअ‍ॅप अशा सगळ्या मार्गांनी एकाच वेळी विचारणा करू नये. ज्या मार्गाने त्यांनी संपर्क साधला त्याच मार्गाने उत्तर द्यावे, आणि वैयक्तिक क्रमांकावर सुट्टीत फोन तर मुळीच करू नये. भरती संस्थेमार्फत अर्ज केला असेल तर त्या संस्थेतील व्यक्तीलाच विचारावे. तिला वगळून थेट कंपनीला लिहिले तर दोघेही नाराज होतात.

थांबणे शक्य नसेल तेव्हा

एका प्रसंगी वरचे सगळे नियम बाजूला ठेवावे लागतात. दुसऱ्या नियोक्त्याचा लेखी प्रस्ताव हाती आहे, त्यावर २ जानेवारीपर्यंत उत्तर द्यायचे आहे, आणि आपल्याला जी नोकरी खरोखर हवी आहे तिथून काहीच कळलेले नाही, अशी कोंडी या काळात वारंवार होते. तेव्हा प्रथम प्रस्ताव देणाऱ्यांकडेच मुदतवाढ मागावी. सुट्टीच्या काळात ही मागणी सहज समजून घेतली जाते, मात्र ती नेमकी असावी: "मला आणखी वेळ हवा" असे न म्हणता "९ जानेवारीपर्यंत मुदत मिळाल्यास मी त्या दिवशी निश्चित उत्तर देईन" असे लिहावे, आणि त्या दिवशी खरोखरच उत्तर द्यावे.

त्यानंतर जिथली नोकरी खरोखर हवी आहे त्या नियोक्त्याला मेल करावा, आणि कार्यालयाच्या क्रमांकावर कामाच्या वेळेत एक फोनही करावा. इथे स्वयंचलित उत्तरात दिलेल्या सहकाऱ्याचा पत्ता वापरणे योग्य ठरते. विषयात तारीख असावी: "लेखापाल पद: ९ जानेवारीपर्यंत निर्णय कळवण्याची विनंती". मजकुरात दुसऱ्या कंपनीचे नाव किंवा वेतनाचा आकडा सांगण्याची गरज नाही. "माझ्याकडे दुसरा लेखी प्रस्ताव आहे, त्यावर मला ९ जानेवारीला उत्तर द्यायचे आहे, माझी पहिली पसंती आपल्याकडील पदाला आहे, म्हणून त्यापूर्वी आपल्या प्रक्रियेची स्थिती समजली तर मी आभारी राहीन" असे स्पष्ट लिहावे. मी भरतीत असताना अशा मेलमुळे रजेवरच्या अधिकाऱ्यांना फोन करून सही मिळवलेली आहे. अन्यथा तसा फोन करण्याचे धाडस मी केले नसते. नसलेला प्रस्ताव असल्याचे मात्र कधीही सांगू नये. "मग तो स्वीकारा, आमच्या शुभेच्छा" असे उत्तर येऊ शकते, आणि तसे आलेले मी पाहिले आहे.

किती वेळा विचारावे

सुट्टीपूर्वीचा मेल धरून एकूण तीनदा. सुट्टीनंतरच्या मेलला उत्तर आले नाही तर पाच ते सात कामाचे दिवस जाऊ द्यावेत आणि तिसरा, शेवटचा मेल पाठवावा. त्यात पुन्हा विचारणा करणार नाही असे सुचवून "पुढे कधी संधी असल्यास जरूर कळवावे" असे लिहून पत्रव्यवहार आपल्या बाजूने बंद करावा. पद, संपर्कातील व्यक्ती, मुलाखतीची तारीख, कार्यालय उघडण्याची तारीख आणि पुढच्या मेलची तारीख अशी पाच रकान्यांची नोंद वहीत ठेवली की रोज उठून "आज विचारू का" हा प्रश्न पडत नाही. आज ती तारीख आहे की नाही, एवढेच पाहायचे असते. या काळात नवे अर्ज करणे थांबवू नये. डिसेंबरच्या अखेरीस अर्ज करणाऱ्यांची संख्या रोडावलेली मी दरवर्षी पाहिली आहे, आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात उघडल्या जाणाऱ्या फायलीत आधीपासून असलेल्या अर्जांकडे लक्ष जातेच.

कधी असेही होते की आपण दुसरीकडे रुजू होण्याचे ठरवतो आणि त्यानंतर, जानेवारीच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, त्या मौन पाळलेल्या कार्यालयाचे पत्र येते: मंजुरी मिळाली आहे, पुढच्या फेरीसाठी यावे. ते पत्र रागाने अनुत्तरित ठेवू नये. ज्याने ते लिहिले आहे त्यानेच कदाचित तीन आठवडे सहीच्या मागे लागून ती मिळवलेली असते. "आपल्या पत्राबद्दल आभारी आहे. दरम्यानच्या काळात मी दुसरे पद स्वीकारले असल्याने माझा अर्ज मागे घेत आहे, आपण दिलेला वेळ माझ्या लक्षात राहील" एवढे त्याच दिवशी लिहून पाठवावे, म्हणजे त्यांना यादीतील पुढच्या उमेदवाराला त्याच दिवशी फोन करता येतो.